मेमरीतलं पान, डिस्कवरचं पान

'मेमरी भरली' हे वाक्य आपल्याकडे घरोघरी ऐकू येतं. आजीच्या फोनमध्ये सुप्रभातचे फोटो साठले की मेमरी भरते. लॅपटॉपवर चार गोष्टी एकदम उघडल्या आणि तो रखडायला लागला, की तेव्हाही मेमरीच भरलेली असते. शब्द एकच असला तरी गोष्टी दोन आहेत. पहिली साठवणीची जागा, म्हणजे डिस्क किंवा फोनचं स्टोरेज. लाइट गेली तरी तिथलं तिथेच राहतं. दुसरी रॅम, म्हणजे काम करताना लागणारी जागा. वीज गेली की ती पाटी कोरी.

संगणकाचा बराचसा वेळ या दोन जागांमध्ये माहितीची ने-आण करण्यात जातो. ही ने-आण ऑपरेटिंग सिस्टिमवर सोपवून देण्याची एक जुनी आणि फार सुंदर सोय आहे, तिचं नाव एममॅप. इंजिनिअरिंगला असताना परीक्षेत मी तिच्यावर चार मार्कांचं उत्तर लिहिलं होतं. गेल्या पावसाळ्यात मात्र ती नीट न समजल्यामुळे आपल्या बडोद्यातल्याच एका माणसाची नोकरी जायची वेळ आली होती. ती हकीकत मला सांगायची आहे, पण आधी एममॅप म्हणजे काय ते सांगते. मंडळातली बरीच मुलं-मुली सध्या कॉम्प्युटर शिकत आहेत, त्यांना उपयोग होईल. ज्यांचा कॉम्प्युटरशी संबंध बिल भरण्यापुरताच आहे, त्यांनाही हकीकत कळावी इतपत सोपं ठेवायचा प्रयत्न करते.

फाइल वाचायची नेहमीची रीत म्हणजे डबा भरून नेणं. प्रोग्रॅम म्हणतो, 'या फाइलमधला इतका भाग मला दे.' ऑपरेटिंग सिस्टिम तो भाग डिस्कवरून आधी स्वतःच्या जागेत आणते आणि मग त्याची एक प्रत प्रोग्रॅमच्या डब्यात भरते. म्हणजे एकच मजकूर रॅममध्ये दोनदा ठेवला जातो. फाइल २० जीबीची आणि लॅपटॉपची रॅम ८ जीबीची असेल तर डबाच पुरत नाही. मग तुकडे करा, कुठला तुकडा कुठे संपला त्याचा हिशेब ठेवा, अशी कसरत सुरू होते.

एममॅप म्हणजे पंगत. प्रोग्रॅम म्हणतो, 'ही अख्खी फाइल माझ्यासमोर मांडून दे.' ऑपरेटिंग सिस्टिम लगेच 'मांडली' म्हणते आणि मेमरीतला एक पत्ता हातात देते. त्या पत्त्यापासून पुढे फाइलचा पहिला बाइट, दुसरा बाइट, तिसरा, असं सगळं ओळीने समोर आहे असं प्रोग्रॅमला दिसतं. प्रत्यक्षात डिस्कवरून काहीच आणलेलं नसतं. पानं मांडली आहेत, पण अजून वाढलेलं काही नाही.

गंमत म्हणजे संगणकातही याला पानच म्हणतात, पेज. आपल्या साध्या इंटेल किंवा एएमडीच्या लॅपटॉपवर एक पान ४०९६ बाइटचं असतं, अ‍ॅपलच्या नव्या मॅकवर १६ केबीचं. प्रोग्रॅमने एखाद्या रिकाम्या पानाला हात लावला की प्रोसेसर त्याला तिथेच थांबवतो आणि ऑपरेटिंग सिस्टिमला हाक जाते. याला पेज फॉल्ट म्हणतात. नावात फॉल्ट असला तरी त्यात कुणाचीच चूक नसते. वाढपी धावत येतो, डिस्कवरून ते पान आणतो, जमलं तर शेजारच्या काही पानांवरही वाढून ठेवतो, आणि प्रोग्रॅम थांबला होता तिथूनच पुढे चालू लागतो. मधल्या वेळात काही घडलं याचा त्याला पत्ताही नसतो. रॅम कमी पडू लागली की बराच वेळ कुणी हात न लावलेली पानं वाढपी उचलून नेतो आणि लागतील तेव्हा परत आणतो. म्हणून ८ जीबीच्या लॅपटॉपवर २० जीबीची फाइल सहज मांडता येते.

ही युक्ती आजची नाही. मँचेस्टर विद्यापीठातला अ‍ॅटलस नावाचा संगणक १९६२ मध्ये सुरू झाला. त्यात छोटी वेगवान मेमरी आणि मोठा संथ चुंबकीय ड्रम यांच्यात पानांची अदलाबदल मशीन आपसूक करत असे. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला दोन्ही मिळून एकच मोठी मेमरी दिसायची. फाइल थेट मेमरीत मांडायचं एममॅप हे नाव १९८३ च्या बीएसडी युनिक्सच्या कागदपत्रांत आलं, पण तेव्हा ते नुसतं कागदावरच राहिलं. प्रत्यक्षात ते चालू झालं १९८८ च्या सुमारास, सन कंपनीच्या सनओएस ४ मध्ये. आज लिनक्स, मॅक, अँड्रॉइड सगळीकडे ते आहे, आणि विंडोजमध्येही वेगळ्या नावाने हीच सोय आहे.

तुम्ही कधी ते वापरलं नसेल असं वाटत असेल, तर आत्ता हा लेख वाचतानाही तुमचा फोन ते वापरतो आहे. फोनमधली डझनभर अ‍ॅप्स ज्या समाईक लायब्ररी वापरतात, त्या एममॅपनेच मांडलेल्या असतात. त्यातला कोड रॅममध्ये एकदाच येतो आणि सगळी अ‍ॅप्स तीच पानं वाचतात. पंगत मोठी असली तरी पातेलं एकच. हल्लीचं उदाहरण हवं असेल तर घरच्या लॅपटॉपवर चालणारी एआय मॉडेलं घ्या. २०२३ च्या मार्चमध्ये लामा डॉट सीपीपी या प्रोग्रॅमने मॉडेलची फाइल एममॅपने उघडायला सुरुवात केली. छोट्या मॉडेलची फाइलसुद्धा ४ जीबीच्या आसपास असते. ती डब्यात भरून घ्यायचा वेळ वाचला, आणि दुसऱ्यांदा चालू केलं तर पानं आधीच रॅममध्ये असल्यामुळे मॉडेल जवळजवळ लगेच तयार. तेव्हा काही जणांना वाटलं की आता रॅमच कमी लागते. तसं नाही. असं मॉडेल प्रत्येक शब्द काढताना जवळपास सगळी पानं चाळतं. रॅम फाइलपेक्षा लहान असेल तर वाढप्याची दमछाक होते आणि शब्द मुंगीच्या पावलांनी येतात.

हे सगळं झालं वाचण्याबद्दल. खरी गोष्ट लिहिण्यात आहे, आणि आता ती हकीकत.

जीआयडीसीत एक कारखाना आहे, त्याचं नाव नको. तिथे गिअरना हीट ट्रीटमेंट करतात. गिअर भट्टीत ८६० अंशांवर ठरलेला वेळ ठेवायचे असतात आणि ते ठेवले होते याचा रेकॉर्ड माल घेणाऱ्या कंपनीला द्यावा लागतो. भट्टीतल्या थर्मोकपलचं रीडिंग दर सेकंदाला लिनक्सवर चालणारा एक छोटा संगणक फाइलमध्ये लिहून ठेवतो. माझा मामेभाऊ तिथे मेंटेनन्स बघतो.

जुलैतल्या एका रात्री लाइट गेली. पॅनलमधल्या मीटरने स्वतःच्या नोंदीत वेळ टिपली होती: पहाटेचे ३ वाजून १२ मिनिटं ४० सेकंद. थोड्या वेळाने जनरेटर लागला, संगणक पुन्हा चालू झाला, काम सुरू झालं. सकाळी क्वालिटीवाल्यांनी फाइल उघडली, तर ३:१२:१४ पर्यंत ८६० आणि तिथून पुढे सलग शून्य. म्हणजे वीज जाण्याच्या आधीच २६ सेकंद रीडिंग बंद. त्यांनी अर्थ असा लावला की रात्रपाळीच्या ऑपरेटरने थर्मोकपलची वायर काढली होती, काहीतरी लपवायला, आणि मग लाइट गेल्यामुळे ते उघडं पडलं.

ते ऑपरेटर बावीस वर्षं त्या कारखान्यात आहेत. सगळे त्यांना काकाच म्हणतात. निवृत्तीला तीन वर्षं उरलेली. त्यांना पत्र मिळालं: चौकशी पूर्ण होईपर्यंत कामावर येऊ नका. मामेभावाचा मला फोन आला, "ताई, रविवारी जरा येऊन फाइल बघशील का? मला हे पटत नाहीये." मी गेले तेव्हा काकाही आले होते. त्यांचं एकच म्हणणं होतं, "बेन, में हाथ पण नथी लगाड्यो." हात लावला नाही, आणि लाइट जाईपर्यंत स्क्रीनवर ८६० दिसत होतं. दुसऱ्या वाक्याकडे कुणी लक्ष दिलं नव्हतं, कारण ते फाइलशी जुळत नव्हतं.

प्रोग्रॅम दुसऱ्या एका कंपनीकडून घेतलेला होता, पण त्याचा कोड सोबत मिळाला होता. तो उघडला आणि अर्ध्या तासात चित्र दिसू लागलं. दर दिवसाची एक फाइल. प्रत्येक सेकंदासाठी ६४ बाइटची एक जागा, त्यात वेळ, तापमान आणि थर्मोकपलची स्थिती. दिवसाचे ८६,४०० सेकंद, म्हणून फाइल ५५,२९,६०० बाइटची, बरोबर १३५० पानं. एममॅपने मांडलेली फाइल लिहिता लिहिता आपोआप वाढत नाही, त्यामुळे प्रोग्रॅम दिवसाच्या सुरुवातीलाच पूर्ण लांबीची, शून्यांनी भरलेली फाइल तयार करत होता आणि मग ज्या त्या सेकंदाच्या जागी रीडिंग लिहीत जात होता.

म्हणजे फाइलमधलं शून्य हे थर्मोकपलने दिलेलं शून्य नव्हतंच. मी ती २६ सेकंदं बाइट बाइट करून पाहिली. तिथे तापमान शून्य होतं तशी वेळही शून्य होती आणि स्थितीही. वायर काढली असती तर तापमान चुकीचं आलं असतं, स्थितीच्या रकान्यात बिघाडाचा आकडा आला असता, पण वेळ तरी लिहिली गेली असती. वेळ लिहायला थर्मोकपल लागत नाही. या जागांवर डिस्कच्या दृष्टीने कुणी काही लिहिलंच नव्हतं.

मग स्क्रीनवर ८६० कसं दिसत होतं? कारण स्क्रीन रॅममधलं पान वाचत होती. एममॅपने मांडलेल्या पानावर प्रोग्रॅम लिहितो तेव्हा ते रॅममध्ये लिहिलं जातं. त्या पानावर 'बदललं आहे' अशी खूण होते आणि ते डिस्कवर कधी पाठवायचं हे ऑपरेटिंग सिस्टिम तिच्या सोयीने ठरवते. लिनक्समध्ये हा काम करणारा मुळात दर ५ सेकंदांनी जागा होतो आणि बदलून ३० सेकंद झालेली पानं डिस्कवर लिहितो. त्या रात्री ते पान ३:१२:१४ च्या सुमारास डिस्कवर पोचलं होतं. त्यानंतरची रीडिंग त्याच पानावर, पण फक्त रॅममध्ये जमत होती, पुढच्या फेरीची वाट बघत. फेरीच्या आधी लाइट गेली. तेच पान दोन ठिकाणी होतं, मेमरीतलं ४० व्या सेकंदापर्यंत भरलेलं आणि डिस्कवरचं १४ व्या सेकंदापर्यंत. उरलं ते डिस्कवरचं.

हे समजावून सांगितल्यावर क्वालिटीचे साहेब म्हणाले, "हे तुमचं म्हणणं झालं. पुरावा?" प्रश्न योग्यच होता. आधी दोन्ही घड्याळं ताडून पाहिली, फरक एका सेकंदाचा निघाला. मग आम्ही मागच्या तीन महिन्यांच्या फाइली काढल्या आणि मीटरमधल्या लाइट गेल्याच्या नोंदींशी लावून बघितल्या. ११ वेळा लाइट गेली होती आणि ११ ही वेळा त्याआधी शून्यांची पट्टी होती. कधी ३ सेकंदांची, कधी १९, सगळ्यात लांब ३३. दिवसपाळीत, रात्रपाळीत, वेगवेगळ्या ऑपरेटरांच्या वेळी. आधी कुणाला ती दिसली नव्हती, कारण तेव्हा भट्टीत महत्त्वाचा लॉट नव्हता आणि कुणी फाइल मीटरशी ताडून बघितली नव्हती. शेवटी तसाच एक संगणक टेबलावर मांडून मामेभावाने साहेबांसमोर दहा वेळा प्लग खेचला. दहाही वेळा पट्टी आली. मग मी प्रोग्रॅममध्ये दर रीडिंगनंतर एमसिंक ही एक ओळ घातली. 'हे पान डिस्कवर पोचेपर्यंत थांब' एवढाच तिचा अर्थ. पुन्हा दहा वेळा प्लग खेचला. जास्तीत जास्त एक रीडिंग गेलं.

या ओळीचा खर्च आहे. ६४ बाइटच्या रीडिंगसाठी दर सेकंदाला पूर्ण ४०९६ बाइटचं पान डिस्कवर जातं, आणि छोट्या संगणकातलं कार्ड त्याने लवकर झिजतं. म्हणून सोबत एक चांगल्या प्रतीची डिस्क आणि छोटा यूपीएस घ्यावा असं आम्ही लिहून दिलं. हरवलेली २६ रीडिंग परत आली नाहीत, ती येणारही नव्हती. ग्राहक कंपनीने गिअरचा हार्डनेस तपासून लॉट घेतला. काकांचं पत्र मागे घेतलं गेलं आणि पुढच्या सोमवारी ते कामावर रुजू झाले. फाइलीने ज्याला खोटं ठरवलं होतं त्याचंच वाक्य सगळ्यात अचूक निघालं होतं.

ज्यांनी तो प्रोग्रॅम लिहिला त्यांना मी मूर्ख म्हणणार नाही. त्यांनी तपासणी केली असणारच, बहुधा प्रोग्रॅम अचानक बंद पाडून. पण तसं केलं तर एकही रीडिंग जात नाही! नुसता प्रोग्रॅम मेला तरी पानं ऑपरेटिंग सिस्टिमच्या ताब्यात असतात आणि ती यथावकाश डिस्कवर जातात. धोका फक्त वीज जाण्याचा किंवा अख्खी सिस्टिम कोसळण्याचा. नेहमीच्या पद्धतीने फाइलमध्ये लिहिलं तरी हा धोका असतोच. तिथेही 'लिहून झालं' याचा अर्थ 'रॅममध्ये घेतलं' इतकाच असतो आणि डिस्कची हमी हवी तर एफसिंक सांगावं लागतं. फरक इतकाच की तिथे लिहिण्याची एक स्पष्ट ओळ तरी कोडमध्ये दिसते, चूक झाली तर ती ओळ तसं सांगू शकते. एममॅपमध्ये लिहिणं म्हणजे साधी बेरीज केल्यासारखं दिसतं, आणि डिस्क भरली असेल किंवा दुसऱ्या कुणी फाइल मधेच छाटून लहान केली असेल तर प्रोग्रॅम सिगबस नावाचा सिग्नल खाऊन एकदम आडवा होतो.

मोठ्या लोकांनाही हा धडा शिकावा लागला आहे. मोंगोडीबी या प्रसिद्ध डेटाबेसचं मूळ स्टोरेज एममॅपवर उभं होतं. २०१५ मध्ये त्यांनी नेहमीसाठी वेगळं इंजिन निवडलं आणि २०१९ मध्ये जुनं काढूनच टाकलं. कार्नेगी मेलन विद्यापीठाचे अँडी पावलो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये एक शोधनिबंधच लिहिला, डेटाबेससाठी एममॅप वापरायची तुम्हाला नक्की खात्री आहे का, अशा अर्थाच्या नावाचा. उलट बाजूला एलएमडीबी हा छोटा डेटाबेस एममॅपवरच उत्तम चालतो. त्याची मूळ रीत बघण्यासारखी आहे: वाचायला एममॅप, तेही फक्त वाचण्याच्या परवानगीने, आणि लिहायला नेहमीची, हिशेबात राहणारी पद्धत. मीही हेच करते. मोठी फाइल वाचायची, तीही इकडून तिकडून थोडी थोडी, तर एममॅपसारखं सुख नाही. जे हरवून चालणार नाही ते लिहायचं असेल तर ते डिस्कवर केव्हा जाणार हे मी स्वतः सांगते, वाढप्याच्या मर्जीवर सोडत नाही.

माझा भाचा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्याचं म्हणणं, "मावशी, आता कोड एआय लिहून देतं, हे सगळं आतलं कशाला शिकायचं?" काकांची हकीकत ऐकून तो जरा गप्प झाला. मी त्याला म्हटलं, कोड कुणीही लिहो, तू प्रत्येक ओळीला एक प्रश्न विचारत जा: ही ओळ संपली त्या क्षणी माहिती नक्की कुठे आहे? माझ्या डब्यात, ऑपरेटिंग सिस्टिमच्या रॅममध्ये, की डिस्कवर? याचं उत्तर देता येण्यासाठीच ते आतलं शिकायचं.

तुमच्यापैकी कुणाकडे लिनक्स असेल तर आज रात्री एक करून बघा. प्रॉक नावाच्या फोल्डरमध्ये प्रत्येक चालू प्रोग्रॅमच्या नंबरचं एक फोल्डर असतं आणि त्यात 'मॅप्स' नावाची फाइल असते. ती उघडली की त्या प्रोग्रॅमसमोर कुठल्या कुठल्या फाइली मांडल्या आहेत, कुठल्या पत्त्यापासून कुठल्या पत्त्यापर्यंत, ती सगळी पंगत दिसते. भाच्याने त्याच्या ब्राउझरची उघडली आणि ओळी बघून म्हणाला, "बापरे, हे तर लग्नाचं जेवण आहे!"

कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी त्याने हजेरी नोंदवणारं एक यंत्र केलं आहे. ते दाखवायला परवा तो घरी घेऊन आला. मी काही विचारायच्या आधीच म्हणाला, "थांब मावशी, आधी प्लग खेचून बघतो."